जागेवर नाहीत

मराठी भाषेतल्या ज्या वाक्यांचा आजवर कोणी गौरव केला नाही, त्यांची यादी करायची झाली तर मी ‘साहेब जागेवर नाहीत’ या वाक्याला पहिला मान देईन. गेली वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवते आहे. ओव्या, अभंग, लावण्या, नवकविता, सगळे शिकवून झाले. पण इतक्या थोड्या शब्दांत इतके सौजन्य भरलेले वाक्य मला क्वचितच आढळले. साहेब चहाला गेले आहेत, रजेवर आहेत, की पलीकडच्या टेबलापाशी उभे राहून मुलीच्या लग्नाची हकीकत सांगत आहेत, याचा ते थांगपत्ता लागू देत नाही. ते खोटे बोलत नाही आणि सगळे खरेही सांगत नाही. ऐकणाराही खोदून विचारीत नाही. ‘बरं, मग दुपारी करतो,’ असे म्हणून तो फोन ठेवतो. साहेब आहेत, जागाही आहे. या घटकेला दोघांची गाठ पडलेली नाही, एवढेच. त्यात साहेबांचा अपराध नाही आणि फोन करणाऱ्याचा अपमानही नाही.

हे वाक्य आता मरणपंथाला लागले आहे. तुम्ही म्हणाल, ते तर मोबाईल आला तेव्हाच मेले! ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी आपल्या देशातले पहिले मोबाईल संभाषण केले, त्याच दिवशी त्याची घटका भरली. पण तसे झाले नाही. मोबाईल माणसाचा होता. तो घरचा, मित्रमैत्रिणींचा, फार तर दूधवाल्याचा. ऑफिसचा फोन मात्र ऑफिसच्या टेबलावर, आपल्या वेटोळ्या वायरीला बांधलेला, मुकाट्याने बसून होता. संध्याकाळी आपण घरी जायचो आणि तो तिथेच राहायचा. रात्रभर तो वाजला तरी त्याची दखल फक्त पाली घ्यायच्या. हा शेवटचा किल्ला अलीकडे पडला. ऑफिसच्या फोनने टेबल सोडले आणि तो आपल्या पर्समध्ये येऊन बसला.

टेलिफोन हा मुळात जागेचा. १८८२ साली मुंबईत, कलकत्त्यात आणि मद्रासेत एक्स्चेंजे उघडली, तेव्हापासून नंबर माणसाला मिळत नसे, भिंतीला मिळत असे. तार जिथे संपते तिथे तो नंबर. माणूस त्या तारेपाशी असला तर भेटला, नसला तर नाही. गंमत अशी की, अगदी आरंभी एक्स्चेंजवर ऑपरेटर बसत, तेव्हा ही अडचण थोडी कमी होती. लहान गावातल्या ऑपरेटरला डॉक्टर कोणाकडे तपासायला गेले आहेत हे ठाऊक असायचे आणि ती तिकडे फोन जोडून द्यायची. पुढे अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रॉजर नावाचा एक गृहस्थ निघाला. त्याचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता असे सांगतात. संशयी माणूस काय करील याचा नेम नाही. त्याने ऑपरेटरलाच रजा देणारे यंत्र शोधून काढले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढल्याच वर्षी ला पोर्ट या गावी आपोआप जोडणी करणारे एक्स्चेंज सुरू झाले. यंत्र निःपक्षपाती होते खरे. पण डॉक्टर कोणाकडे गेले आहेत हे त्याला कळत नव्हते. ते कळायला आणखी शंभरएक वर्षे जावी लागली.

आमच्या कॉलेजात ऑफिसच्या एका कोपऱ्यात पांढरी पेटी होती. ईपीएबीएक्स हे तिचे नाव. आतल्या आत बोलायचे तर तीन आकडे फिरवायचे, बाहेर बोलायचे तर आधी शून्य. मराठी विभागाचा नंबर २१४. हा २१४ स्टाफरूमच्या खिडकीशी असे. तो वाजला की जवळचा कोणी तरी उचले; आणि स्टाफरूम रिकामी असली तर फोन परत ऑफिसात जाई. तिथे मामा तो घेत. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने शिपाई. त्यांची तीस वर्षे त्या टेबलापाशी गेली. ‘बाई तासावर आहेत’, ‘सर परीक्षेच्या कामात आहेत’, ‘जागेवर नाहीत’, या तीन वाक्यांवर त्यांनी संपूर्ण प्राध्यापकवर्गाचे रक्षण केले. त्यांच्या आवाजात असा काही पोक्तपणा आहे की, पलीकडचा माणूस रागावलेला असला तरी नरम येई.

तीन वर्षांपूर्वी ती पेटी बिघडली. तिचे सुटे भाग मिळेनात. तेव्हा प्राचार्यांनी नवी व्यवस्था आणण्याचे ठरवले आणि एके दिवशी एक तरुण इंजिनिअर येऊन स्टाफरूममधल्या प्रत्येकाचा मोबाईल हातात घेऊन त्यात काहीबाही भरू लागला. माझ्या फोनवर एक नवे चित्र उमटले. ‘मॅडम, आता तुमचं २१४ या फोनमध्येच आहे,’ तो म्हणाला. मी टेबलावरच्या फोनकडे पाहिले. ‘मग हे काय?’ ‘हेही २१४च. दोन्ही एकदम वाजतील. जे आधी उचलाल ते चालू, दुसरं गप्प.’

मी मास्तरीण. समजल्याशिवाय मान डोलवायची मला सवय नाही. मी त्याला समोर बसवून घेतले, चहा मागवला आणि विचारले, ‘मी कुठे आहे ते त्या यंत्राला कसं कळणार?’ त्याने जे सांगितले त्याने मला हसूच आले. ते यंत्र हजेरी घेते! माझा मोबाईल कॉलेजच्या वायफायशी जोडला गेला की, आपले नाव आणि परवलीचा शब्द सांगून एक्स्चेंजला कळवतो, ‘२१४ हजर, अमुक पत्त्यावर.’ ठरावीक मुदतीने ही हजेरी पुन्हा द्यावी लागते. दिली नाही तर यंत्र त्या नावापुढे गैरहजर मांडते. या क्रियेला त्यांच्या परिभाषेतही ‘रजिस्टर’ असाच शब्द आहे. वीस वर्षे मुलांच्या नावांपुढे ‘पी’ आणि ‘ए’ लिहिणाऱ्या माझ्यासारखीला याहून सोपे उदाहरण कोणते मिळणार? फरक इतकाच की, आमच्या वर्गात एकाच्या नावाने दुसरा ‘येस मॅडम’ म्हणतो, तिथे परवलीच्या शब्दामुळे ते जमत नाही.

मी कॉलेजच्या फाटकाबाहेर पडले की वायफाय सुटते. मग मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवरून फोन पुन्हा हजेरी देतो: ‘२१४ हजर, पत्ता बदलला आहे.’ बॅटरी वाचावी म्हणून मोबाईल आतल्या आत झोपलेला असतो. कोणाचा फोन आला की त्याला हलवून जागे करणारा निरोप आधी येतो आणि मग घंटा वाजते. आणि इंटरनेट अगदीच लंगडे असले तर एक्स्चेंज स्वतः माझ्या साध्या मोबाईल नंबरवर फोन लावते आणि दोन्ही टोके जोडून देते. ‘कॉलेजचा फोन आहे, घ्यायचा असल्यास एक दाबा,’ असे एक बाई मधेच म्हणतात. एक दाबला की पलीकडच्या माणसाला वाटते, मी स्टाफरूमच्या खिडकीशीच बसले आहे. स्ट्रॉजरने घालवलेली ऑपरेटर अशी आडमार्गाने परत आली. डॉक्टर कुठे आहेत हे तिला पुन्हा कळू लागले.

आवाजाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. टेलिफोनच्या रूढ पद्धतीत आपला आवाज दर सेकंदाला आठ हजार वेळा मोजतात, आणि त्या मापांच्या पुड्या बांधून पाठवतात. बहुधा सेकंदाला पन्नास पुड्या. पुडी पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्शाहून फारसा उशीर झाला नाही तर कानाला काही जाणवत नाही. त्याहून पुष्कळच झाला तर दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. आमच्या कॉलेजची इमारत दगडी आहे. वायफायच्या लहरींना दगडी भिंत म्हणजे संकटच. त्यामुळे जिन्याच्या वळणावर काही पुड्या वाटेतच पडतात आणि ‘परीक्षा सोमवारी आहे’ या वाक्यातला फक्त ‘आहे’ पलीकडे पोचतो. बोलता बोलता फाटकाबाहेर पडावे तर वायफायवरून मोबाईलवर उडी मारताना फोनचा पत्ता बदलतो, आणि त्या क्षणी संभाषण गचका खाते किंवा तुटते. म्हणून आमचे सगळे प्राध्यापक आता फाटकाच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली उभे राहून बोलणे संपवतात. परक्याला वाटावे, इथे काही व्रत चालले आहे.

ही व्यवस्था मला प्रथम फार आवडली, हे सांगायला हवे. पूर्वी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना स्वतःचा नंबर द्यावा लागे. एकदा दिलेला नंबर परत मागता येत नाही. तो गटागटांतून फिरतो, आणि मग कोणी अनोळखी माणूस रात्री अकराला ‘बाई, झोपलात का?’ असा निरोप पाठवतो. माझ्या तरुण सहकारिणींना हा त्रास किती होई ते काय सांगू! आता मी बसस्टॉपवरून जरी फोन केला तरी समोरच्याला कॉलेजचा नंबर दिसतो. माझा नंबर माझ्यापाशी राहतो. पर्समध्ये कॉलेज शिरले हे खरे, पण त्याने स्वतःचा दरवाजाही बरोबर आणला.

आणि उपयोग तरी किती! गेल्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मी मंडईत भाजी घेत होते. फोन वाजला. एका विद्यार्थिनीचे वडील एसटी स्टँडवरून बोलत होते. मुलगी आजारी म्हणून गावी, अर्जावर विभागाची सही राहिलेली, आणि कॉलेज सुटून गेलेले. टेबलावरचा २१४ असता तर वाजून वाजून थकला असता. मी तिथूनच, कोथिंबिरीची जुडी बगलेत धरून, ऑफिसातल्या कारकुनांना त्यांच्या एक्स्टेन्शनवर गाठले. तेही घरी जायला निघालेले, लिंबाखालीच होते. ते परत फिरले, अर्ज गेला. त्या मुलीचे वर्ष वाचले. ही गोष्ट मी विसरत नाही, आणि या यंत्राविरुद्ध बोलताना तर मुद्दाम आठवते.

पण बोलावे तर लागतेच. त्यासाठी मला तुम्हाला माझ्या बसमध्ये घेऊन जावे लागेल.

कॉलेज सुटल्यावर मी डेक्कनवरून सिंहगड रस्त्याकडे जाणारी बस पकडते. दांडेकर पुलापाशी ती हमखास अडकते. एकंदर चाळीस मिनिटे, पावसात तासभर. तुम्हाला हा वेळ वाया गेलेला वाटेल. माझ्या दिवसातला तो सर्वांत माझा वेळ होता. कॉलेजच्या हिशेबी मी निघाले होते, घरच्या हिशेबी पोचले नव्हते. बाई जागेवर नाहीत आणि आई अजून आलेली नाही, अशी दोन्हीकडून सुटका. या चाळीस मिनिटांत मी काही थोर विचार केले असे नाही. खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांतले शुद्धलेखन तपासले, पुढल्या बाकावरच्या बाईच्या साडीचा पोत पाहिला, लहानपणी पाठ केलेले काहीबाही मनात घोळवले. पुष्कळदा नुसतीच बसले. स्त्रीच्या आयुष्यात नुसते बसण्याची जागा फार थोडी असते. माझी ती जागा सरकारी बाकासारखी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणूनच माझी होती. २१४ पर्समध्ये आला आणि पहिला घाव त्या चाळीस मिनिटांवर पडला. दांडेकर पुलापाशी आता वेळापत्रकाची चर्चा होते.

दुसरा घाव घरावर. कॉलेजचा फोन वाजतो तेव्हा त्याचा सूर वेगळा लावलेला आहे. तो ऐकला की घरात सगळे गप्प होतात. ‘अगं, तुझं कॉलेज आलं बघ जेवायला,’ असे आमचे हे म्हणतात. मुलगी अकरा वर्षांची आहे. ती काही बोलत नाही, फक्त सांगत असलेली गोष्ट मधेच सोडते आणि फोन संपल्यावर पुन्हा सुरू करीत नाही. सासूबाईंचे म्हणणे आणखी निराळे. ‘आम्ही फोनसाठी नऊ वर्षं नंबर लावून बसलो होतो,’ त्या सांगतात. ‘आला तेव्हा पेढे वाटले. वाजला की उचलायला धावाधाव व्हायची. आता वाजला की तुमचे चेहरे उतरतात.’ त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचत नाही, कारण त्यात तक्रार नाही, नुसते निरीक्षण आहे.

एखादा म्हणेल, मग फोन बंद ठेवा ना! हा प्रश्न मी त्या इंजिनिअरलाही विचारला. तो दर तीन महिन्यांनी यंत्राची तपासणी करायला येतो, आणि आमचा चहा आता ठरलेला आहे. त्याने मला एक यादी दाखवली. या फोनांची बोलण्याची जी रीत आहे तिला सिप म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक हेनिंग शुल्झरिन आणि त्यांचे सहकारी यांनी ती घडवली, आणि आज ती ज्या स्वरूपात वापरतात ते २००२ साली प्रसिद्ध झाले. एका फोनने साद घातली की दुसऱ्याने काय उत्तर द्यावे याचे आकडे त्यात ठरवून दिले आहेत. १८० म्हणजे घंटा वाजते आहे. ४८६ म्हणजे ‘इथे काम चालू आहे’. ६०० म्हणजे ‘सगळीकडेच काम चालू आहे’. ६०३ म्हणजे ‘नको’. आणि ४८० म्हणजे ‘तूर्त उपलब्ध नाही’.

भाषेचा धंदा करणारी मी, त्या यादीकडे पाहतच राहिले. आपल्या मोबाईल कंपन्यांना एवढेही साधत नाही. त्या सर्वांना ‘व्यस्त’ करून टाकतात. मराठीत व्यस्त म्हणजे उलट. शाळेत आपण व्यस्त प्रमाण शिकलो ते हेच. कामात गढलेला तो व्यग्र. पण पुढे वाटले, कंपन्यांचे फारसे चुकत नसावे. फोनची संख्या आणि मनाची शांती यांचे प्रमाण व्यस्तच आहे. असो. सांगायचे ते असे की, त्या प्राध्यापकांनी ‘इथे’ आणि ‘सगळीकडे’ यांत फरक केला. एखादा माणूस एका जागी गुंतलेला असेल पण दुसऱ्या जागी मोकळा असेल, हे त्यांनी ओळखले. आणि ‘तूर्त उपलब्ध नाही’ या उत्तराला त्यांनी मानाचा आकडा दिला. तो दोष नाही, बिघाड नाही. ते एक रीतसर उत्तर आहे. म्हणजे यंत्राला ‘जागेवर नाहीत’ म्हणता येते. म्हणता येत नाही ते आपल्याला.

का येत नाही? माझ्यासारखीला येईलही. माझी नोकरी पक्की आहे. मी फोन उचलला नाही तर प्राचार्य फार तर भुवया उंचावतील. पण आमच्या विभागात एक मुलगी तासिका तत्त्वावर शिकवते. मुलगी म्हणते खरी, पण तिचे वय तीसच्या पुढे आहे. नेट उत्तीर्ण, डॉक्टरेटही झाली आहे. तिला तासाप्रमाणे पैसे मिळतात. घेतलेला तास मस्टरवर लिहायचा, महिन्याअखेर बेरीज करायची, आणि पैसे केव्हा हाती पडतील ते देवाला ठाऊक. पुढल्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे दर वर्षी नव्याने ठरते. तिच्याही मोबाईलमध्ये एक्स्टेन्शन भरले गेले. प्रवेशाच्या दिवसांत सायंकाळचे बहुतेक फोन तीच घेऊ लागली, कारण सगळ्यांना कळून चुकले की ती नेहमी उचलते. एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच असताना तिने मस्टर पुढे ओढले आणि हसत विचारले, ‘मॅडम, काल रात्री नऊ ते दहा मी फी-सवलतीचे नियम समजावले. ते कोणत्या रकान्यात लिहू?’

तिने विनोदाने विचारले होते, पण मला रात्री झोप लागली नाही. टेबलावरचा फोन गरीब असला तरी न्यायी होता. तो सहा वाजता सर्वांना सारखाच सोडून देत असे; प्राचार्यांना आणि तासिकेवरच्या मुलीलाही. खिशातला फोन तसा नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत आहे त्याला तो सोडतो आणि ज्याला नाही त्याला धरून ठेवतो.

जगात इतरत्र या प्रश्नाचा विचार झालेला आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर फोन-संदेशांपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल आपल्या नोकरांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली, वेळेबाहेरच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात घातला. नकार अवाजवी असेल तर मात्र तो चालत नाही. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे बहुधा जे होते तेच त्याचे झाले. कायदा झाला नाही. तेव्हा आपापल्या अंगणापुरता कायदा आपणच करायचा, असे ठरवून मी स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढला.

चर्चा बरीच झाली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘विद्यार्थ्यांसाठी चोवीस तास उपलब्ध राहणं हे आपलं ब्रीद आहे.’ त्यांचा मोबाईल सहानंतर बंद असतो हे सर्वांना माहीत होते, पण ब्रीद बंद नव्हते. दुसऱ्या बाईंनी अर्जाच्या शेवटच्या दिवसाची आठवण दिली. ती मलाही होतीच. मी म्हटले, ‘फोन लागला पाहिजे हे मान्य. पण तो प्रत्येक वेळी प्रत्येकाला लागला पाहिजे असं थोडंच आहे? पूर्वी दवाखान्यात रात्रपाळीचा डॉक्टर असायचा, सगळे डॉक्टर जागत नसत.’ इंजिनिअरला मी आधीच विचारून ठेवले होते. एक्स्चेंजला दिनदर्शिका घालून देता येते. सायंकाळी सहापासून सकाळी नऊपर्यंत सगळी एक्स्टेन्शने ४८० म्हणतील. तातडीचे काम असणाऱ्याने एक दाबला तर ज्याची पाळी असेल त्या एकाच मोबाईलवर घंटा वाजेल. पाळीचे वेळापत्रक पक्क्या नोकरीतल्यांचे. तासिकेवरच्यांनी पाळी घेतली तर ती तास म्हणून मांडावी, अशीही सूचना मी केली. प्राचार्यांनी पहिली गोष्ट लगेच मान्य केली. दुसरीबद्दल ते म्हणाले, तसा रकाना मस्टरमध्ये नाही. मी म्हटले, मग त्यांना पाळीच नको. यावर थोडी शांतता झाली आणि ठराव मंजूर झाला.

आता प्रश्न राहिला तो निरोपाचा. सहानंतर फोन करणाऱ्याला यंत्राने काय सांगायचे? मराठीचे काम म्हणून ते माझ्याकडे आले. ‘आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता’ येथून आरंभ करून मी चार मसुदे केले. एक सरकारी झाला, एक विमानतळावरचा, एकात ‘क्षमस्व’ दोनदा आले. आम्ही घरी गेलो याबद्दल क्षमा का मागायची? चारही मसुदे फाडून मी ऑफिसात गेले आणि मामांना विचारले, ‘मामा, संध्याकाळी कोणाचा फोन आला तर तुम्ही काय सांगायचा?’ मामा निवृत्तीला आले आहेत. नव्या व्यवस्थेत त्यांच्या टेबलावर फोन उरलेला नाही. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी जे सांगितले ते मी इंजिनिअरच्या मोबाईलवर त्यांच्याच आवाजात नोंदवून घेतले.

‘सर-बाई आता जागेवर नाहीत. सकाळी दहानंतर भेटतील. अडचणीचं काम असेल तर एक दाबा, कोणी तरी बोलेल. नसेल तर उद्या करा, मी निरोप ठेवतो.’

शेवटचे वाक्य खरे नाही. निरोप यंत्र ठेवते. इंजिनिअरने ते काढू का म्हणून विचारले. मी राहू द्या म्हटले. पहिल्या आठवड्यात पाळी माझीच होती. सात रात्रींत एक दाबणारे तिघे निघाले, आणि तिघांचीही अडचण खरी होती. बाकीच्यांनी सकाळी फोन केले. त्यांतले एक गृहस्थ सांगत होते, ‘बाई, रात्री शिपायानं सांगितलं तुम्ही नाहीत म्हणून. म्हटलं, बरं, उद्या करू.’ मी त्यांना तो शिपाई नव्हे, यंत्र होते, असे सांगितले नाही. परवा आमची ती तासिकेवरची मुलगी मला दांडेकर पुलापाशी बसमध्ये भेटली. खिडकीशी बसून ती बाहेर पाहत होती. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. मागल्या बाकावर जाऊन बसले.